ठिपका नव्हता तिथे

फोन उचलून मी ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडचा माणूस हटकून म्हणतो, ‘नमस्ते भाईसाहब.’ आता या वयात कुणाकुणाला सांगत बसू की बाबा रे, मी भाईसाहब नाही, चार नातवंडांची आजी आहे! पूर्वी राग यायचा. आता मीही ‘हां, बोलिए’ म्हणून काम उरकून घेते. भाईसाहबाची कामं लवकर होतात, हेही खरंच. हा आवाज माझा जन्मापासूनचा नाही. तो मी सतराव्या वर्षी एका दुपारी घेतला आणि मग परत ठेवला नाही. हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण परवा धाकटा नातू घरीच दोन स्पीकरांची पेटी जुळवायला बसला. समोर जोडणीचा नकाशा आणि ह्याचा कपाळाला हात. मी चष्मा पुसला, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हे बघ, ही गुंडाळी म्हणजे जाड आवाजाची वाट. हा कंडेन्सर, बारीक आवाजाची. आणि इथे ह्या दोन रेघा एकमेकींना नुसत्या ओलांडून जातायत, मध्ये ठिपका नाही. इथे तार जोडलीस तर घरात भूत येईल.’ तो खो खो हसला. मला काही हसू आलं नाही.

आमचं घर उत्तरेतल्या एका मराठी संस्थानात, लष्कर नावाच्या शहरात, खासगी बाजाराच्या आतल्या गल्लीत. दख्खनेतून फौजेबरोबर आलेलं घराणं. तलवारी कधीच्या गेल्या आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हाती पक्कड आली. ते दरबारच्या वीजखात्यात होते. आधी बारा वर्षं इंजिनघरात, मग दिवे-पंखे, आणि शेवटी समारंभांचे लाउडस्पीकर. घरात आम्ही चौघं: अण्णा, आई, अण्णांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी, शकू. आमची मराठी ऐकून पुण्याच्या मावश्या तोंडाला पदर लावायच्या. आम्ही ‘चाय’ प्यायचो, ‘सब्जी’ आणायचो आणि ‘काय करून राहिलीस?’ असं विचारायचो. हसा म्हणावं! गोडा मसाला मात्र आमच्याकडे दर वर्षी त्यांच्याच हातचा यायचा, आणि आई त्याची आमटी अशी करायची की गल्लीतले हलके नावाचे सुतारमिस्त्री जेवायच्या वेळेलाच रंधा मागायला येत. रंधा त्यांचाच असायचा, आमच्याकडे विसरलेला.

आईचा आवाज जाड होता. खर्जातला, पुरुषी म्हणावा असा. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली की भाजीवाला आधी घाबरायचा, मग पैसे कमी करायचा. अण्णांना जेवायला बोलवायचं तर ती हाक मारत नसे. पाटाजवळ टाच दोनदा जमिनीवर आपटायची, आणि अण्णा आतल्या खोलीतून उठून यायचे. मला ती आमच्या घरची रीतच वाटायची. दुसऱ्यांच्या घरात बायका टाच आपटत नाहीत, हे मला लग्नानंतर कळलं.

एकदा अण्णांनी दरबारचं तबकडी कोरायचं यंत्र एका दिवसासाठी मागून आणलं. त्यात काळी गुळगुळीत तबकडी फिरायची आणि सुई तिच्यावर बोलणं कोरत जायची. ‘हिचं गाणं उतरवून घेतो,’ म्हणाले. आई कसली लाजली! ‘माझ्या घोगऱ्या आवाजाचं काय कौतुक मेलं,’ म्हणाली. पण बसली, केसात फूल माळून बसली. मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, फेरीवाल्यांना गप्प करायला. त्यामुळे आत काय झालं ते मी पाहिलं नाही. आत्या गाणं संपण्याआधीच चुलीकडे गेली होती; तिने पुढे सांगितलं ते एवढंच, की आई गात होती आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून, सुईतून निघणारा काळा तंतू ब्रशाने बाजूला करत होते. तो तंतू केसांच्या गुंतवळासारखा दिसायचा. आईने तो टाकू दिला नाही, कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला.

महिना-दीड महिन्याने तिला ताप आला. कंपू भागातल्या दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ती गेली.

त्यानंतरचं घर मला नीट सांगता येत नाही. सगळं होतं तिथेच होतं, आणि आवाज नव्हता. अण्णांना जेवायला बोलवायला आत्या हाका मारमारून थकायची, ते येत नसत. आम्ही म्हणायचो, दुःखात आहेत बिचारे. वर्षभर सण नाही, दारात रांगोळी नाही. मला रांगोळीचं वेड होतं. आधी ठिपके, मग ठिपक्याला ठिपका जोडत रेघ. एकवीस ठिपक्यांची मी झोपेतही काढली असती. ते वर्ष माझी बोटं नुसती खाजत होती. त्यातच आत्याला ती कुंकवाची डबी सापडली. उघडली, आत काळा गुंतवळ. ‘अगो बाई, वहिनीचे केस!’ म्हणून ती जी किंचाळली, तिला पाणी पाजावं लागलं. मी समजावून सांगितलं. तरी डबी तिने पुन्हा हातात घेतली नाही.

तबकडी अण्णा फार वाजवत नसत. ती मऊ असते. दर वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते. पण ते ती रोज पाहायचे. खिडकीशी नेऊन, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून. एके दिवशी मला बोलावलं. ‘शकू, इथे बघ. गाणं इथे संपलं. खाचा सरळ झाल्या. पण पुढे बघ, पुन्हा हलल्या आहेत. बारीक, कंप आल्यासारख्या. दिसतंय?’ मला दिसलं. काळ्या तळ्यावर वाऱ्याची शिरशिरी यावी तसं, बोटभर जागेत. ‘ती काहीतरी बोलली आहे,’ अण्णा म्हणाले. ‘गाणं झाल्यावर. मला कळलंच नाही. आपल्या फोनोग्राफला तोंड एकच, जाडंभरडं. त्यातून काही येत नाही. वर्ष होत आलं, मी नुसतं बघतोय.’ असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भिंग पुसत राहिले. मला रडू आलं आणि रागही आला, की गेलेलं माणूस घरात बोलून ठेवतं आणि आपल्याला ऐकू येऊ नये, हा काय न्याय?

बारीक आवाजासाठी वेगळा भोंगा हवा, हे अण्णांनी एका सिनेमाच्या थिएटरात पाहिलं होतं. तिथे पडद्यामागे दोन तोंडं होती: मोठ्या पेटीत जाड आवाजाचं आणि वर धातूच्या भोंग्यात बारीक आवाजाचं. तिथल्या यंत्राच्या विलायती पुस्तकातला नकाशा त्यांनी दोन दिवसांच्या बोलीवर आणला. ‘तुझा हात चांगला आहे. उतरवून दे,’ म्हणाले आणि मला शिकवायला बसले. शिकवत काय होते, स्वतःच चाचपडत होते. आयुष्यभर दिवे-पंखे जोडलेला माणूस, हा प्रकार त्यांनाही नवा. तारेची गुंडाळी जाड आवाजाला जाऊ देते, बारकाला अडवते. कंडेन्सर उलटा, बारीक सोडतो आणि जाड अडवतो. दोघं मिळून एका आवाजाचे दोन करतात. आत्या तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे चाळणीच की! पीठ खाली, कोंडा वर.’ अण्णा खूप दिवसांनी हसले. ‘अक्का, तू इंजिनियर व्हायला हवी होतीस.’

मी नकाशा उतरवायला घेतला. शाई, टाक, आणि नीट आखलेल्या रेघा. रेघ जिथे रेघेला मिळते तिथे काळा ठिपका होता. ते पाहून माझा जीव सुखावला, हे तर आपलंच. पण एका जागी दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या आणि ठिपका नव्हता. नागडी फुली. रांगोळीत असं होत नाही. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, ठरवलं की छापणारा विसरला. आणि तिथे एक ठिपका दिला, छान गोल, इतरांहून किंचित मोठा. साहेबाची चूक सुधारली म्हणून मनातल्या मनात शाबासकीही घेतली. कुणाला बोलले नाही. शहाणपण असं अंगात आलं की गप्प बसून येतं, मेलं.

दुसऱ्या महायुद्धामुळे तार मिळत नव्हती. टोपी बाजारात एका दुकानदाराने जुन्या पंख्यातली काढून दिली. हलके मिस्त्रींनी पेटी केली आणि जाताना म्हणाले, ‘बिटिया, इत्ती बड़ी पेटी में का धरोगी?’ गुंडाळी घरीच केली. लाकडी रिळावर मी तार फिरवायची आणि आत्या जपमाळेवर वेढे मोजायची. मध्येच चुकून ‘श्रीराम’ म्हणायची, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पुस्तक परत गेलं. अण्णांनी माझा नकाशा भिंतीला लावला आणि त्यात होतं तसं, ठिपक्याला ठिपका, सगळं जोडलं.

वैशाखातली दुपार होती. आमच्याकडे वैशाखात दुपारी बाराला जी सामसूम होते ती मध्यरात्रीलाही होत नाही. बाहेर उन्हाची लू चाललेली, कुत्रंही रस्त्यावर नाही, दारं-खिडक्या बंद, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं, आणि खोलीत तो ओला, गार, मातकट अंधार. आत्या स्वयंपाकघरात उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती. अण्णांना पेटीतून पहिला आवाज आईचाच हवा होता. त्यांनी तबकडी लावली, सुई ठेवली आणि मोठ्या स्पीकरच्या कापडावर तळहात टेकवून वाकून उभे राहिले.

आणि आई आली.

दुसरं काय लिहू? गाणं होतं, पण त्याला अंग नव्हतं. तिचा तो भरलेला आवाज कुठेच नव्हता, त्याच्या नुसत्या कडा होत्या: स, श, च, त, आणि दोन शब्दांच्या मधला श्वास. कुणी तरी दातांच्या फटीतून, अगदी कानाशी, बारीक गातंय. भोंगा पेटीवर होता पण आवाज तिथून येतोय असं वाटेना. कोपऱ्यातून यायचा, पडद्याआडून यायचा. मी अण्णांकडे पाहिलं. ते कापडावरून हात फिरवत होते.

‘छे,’ ते म्हणाले. ‘मेलेलं आहे. घरघर तरी ऐकू येते का तुला?’

आई गात होती, आणि तिच्यापासून दीड हातावर उभे राहून अण्णा म्हणत होते, काही नाही. मला वाटलं, म्हणजे हे फक्त मला ऐकू येतंय. मला वेड लागलं, किंवा ती फक्त माझ्यासाठी आली. अण्णा गुडघ्यावर बसून तारा हलवून बघायला लागले. गाणं संपलं. थोडी खरखर झाली. आणि मग त्याच बारीक, कोवळ्या आवाजात, कुजबुजत, पण इतकं स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं:

‘अहो, ऐकू येतंय का?’

अण्णांची पाठ होती. ते तार ओढून बघत होते.

‘अहो... ऐकू येतंय का?’

पाठ तशीच. स्वयंपाकघरात पळी पडली. अण्णांनी सुई उचलली आणि उठले. दारात आत्या उभी होती, हात कोपरापर्यंत कैरीने माखलेले, चेहरा पांढराफटक. ‘कोण बोललं रे?’ तिने विचारलं. अण्णांना ते कळलं नाही. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बंद आहे गं अक्का. कुठेतरी चुकलं. जरा पडतो, मग बघू.’ आणि ते आत जाऊन चटईवर आडवे झाले.

आत्याने माझा हात धरून मला चुलीपाशी ओढलं. ‘शकू, ही आपली वहिनी नव्हे. म्हणजे वहिनीच, पण लग्नातली. नाव घेतलं होतं ना तिने, तेव्हा अगदी असा बारीक आवाज होता. मग वर्षा-वर्षाला जाड होत गेला. आम्ही म्हणायचो, लष्करचं पाणी लागलं हिला.’ मी तिच्याकडे बघत राहिले. मग दाराकडे, जिथे अण्णा आत्ताच तिच्या तोंडाकडे बघून भलतंच उत्तर देऊन गेले होते. टाच आपटणं आठवलं. इंजिनघराच्या धडधडाटातली बारा वर्षं आठवली. गावभर कोकिळा ओरडत असताना ‘यंदा कोकिळा दिसत नाहीत’ म्हणालेले अण्णा आठवले. बारीक ते सगळं त्यांचं गेलं होतं, कधीचंच. आणि आईला ते ठाऊक होतं. तिने कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. आपला आवाजच एकेक पायरी खाली उतरवत नेला, जिथे त्यांना पोचेल तिथपर्यंत. आणि तबकडी कोरली त्या दिवशी, गाणं झाल्यावर, पाठमोऱ्या नवऱ्याला तिने एकदा आपल्या खऱ्या आवाजात विचारून पाहिलं होतं. तेव्हाही ते वळले नव्हते.

मी भिंतीवरचा नकाशा काढला आणि खिडकीच्या फटीतल्या उजेडात बसले. मोठा स्पीकर का मुका आहे, हे तरी कळायला हवं होतं. मी स्वतःला वीज समजले आणि रेघेवरून बोट न्यायला लागले. गुंडाळीतून आले, जाड आवाज घेऊन. आता पुढे मोठा स्पीकर. पण त्याच्या आधीच एक ठिपका लागला, आणि तिथून परतीची तार अशी मोकळी, सोपी! मी कशाला स्पीकरच्या वाटेला जाईन? मी तिथूनच घरी पळाले. बोट ज्या ठिपक्यावर होतं तो इतरांहून किंचित मोठा होता. माझाच. त्या रेघा एकमेकींना नुसत्या ओलांडून जाणार होत्या, भेटणार नव्हत्याच. खरं सांगते, नकाशा वाचायला मी त्या क्षणी शिकले, आणि शिकल्याचा आनंद म्हणून काही झाला नाही. पक्कड घेतली आणि तो सांधा तोडला.

अण्णा उठल्यावर सांगितलं. चूक माझी, रांगोळीचा ठिपका दिला. त्यांनी नकाशा पाहिला, डोक्याला हात लावला. ‘वा रे बाई! साहेबाला रांगोळी शिकवलीस होय?’ रागावले नाहीत. पुन्हा तबकडी लावली. या वेळी पेटीतून आई भरून आली, खर्जासकट, फूल माळून बसलेली अख्खी आई. अण्णांचा तळहात कापडावर होता आणि गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसत नव्हते. आत्या दाराशी हात जोडून उभी. गाणं संपत आलं तसा अण्णांनी हात वर केला, गप्प राहा म्हणून, आणि कान थेट भोंग्याच्या तोंडाला लावला. डोळे मिटले.

ती बोलली. मघापेक्षा फिकं, सुईने थोडं नेलं होतं. दोनदा बोलली. अण्णा डोळे मिटून वाट बघत होते. मग नुसती खरखर उरली, आणि तरी ते वाट बघत होते.

‘बोलली ना?’ त्यांनी डोळे उघडून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

‘भोंगा चालतोय?’

‘चालतोय.’

‘म्हणजे पेटी बरोबर आहे,’ अण्णा म्हणाले. ते पुन्हा भोंग्याकडे वळले. इतकं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग तोंड तिकडेच ठेवून हळूच म्हणाले, ‘काय म्हणाली?’

आत्या दारातून मानेने ‘नको, नको’ करत होती. मलाही कळत होतं. सांगणं म्हणजे दोन घाव, एक त्यांच्या गेलेल्या कानांचा आणि एक तिच्या न ऐकलेल्या प्रश्नाचा. पण खोटं काय सांगणार होते? आणि माझ्या चिरक्या आवाजात सांगितलेलं त्यांना पोचणार तरी होतं का? मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. हनुवटी छातीला टेकवली, पोटातून आवाज काढला, जेवढा खाली जाईल तेवढा, आणि म्हटलं, ‘अहो, ऐकू येतंय का?’

अण्णा वळले नाहीत. एक क्षणही न थांबता, रोजचंच असल्यासारखं, त्यांनी भोंग्याला उत्तर दिलं.

‘येतंय गं. बोल.’

मग मी बोलत राहिले. त्याच आवाजात. पन्ह्यात गूळ घालू की साखर, विचारलं. हलके मिस्त्रींचा रंधा परत करायचाय, सांगितलं. उद्या दारात रांगोळी घालू का, विचारलं. वर्ष सरायला अजून बारा दिवस होते, पण ते म्हणाले, ‘घाल.’